वागाशी शिकायचीय? मग फुलं राहू द्या, आधी आंको शिका

रील्समध्ये वागाशीची, म्हणजे जपानी पारंपरिक मिठाईची, ती गुलाबी फुलं दिसली की प्रत्येकाला डायरेक्ट नेरीकिरीच (म्हणजे ती फुलांच्या आकाराची मिठाई) करायची असते. लाकडी पट्टीने पाच रेघा ओढल्या, मधे पिवळा ठिपका दिला, झालं चेरीचं फूल. पण ते फूल म्हणजे शेवटी गोड घोटलेल्या कडधान्याचा गोळा आहे, बाहेर पांढऱ्या बीन्सचा आणि आत बहुतेकदा लाल अझुकीचा, आणि तो गोळाच चिकट नाहीतर भरभरीत झाला असेल तर तुमची चित्रकला कितीही भारी असू दे, पाकळी फाटणारच. त्यामुळे माझं सरळ मत आहे की जपानी पारंपरिक मिठाई शिकताना सुरुवातीला फुलांना हातच लावू नका, आंको शिका. आंको म्हणजे हेच कडधान्याचं गोड सारण, आणि तो जमला की निम्मं काम झालं, उरलेलं निम्मं म्हणजे पिठांची ओळख.

आधी थोडी पार्श्वभूमी, लांबवत नाही. जपानमध्ये वागाशीचे प्रकार पाण्याच्या प्रमाणावरून पाडतात: ३० टक्के किंवा जास्त पाणी असेल तर नामागाशी, १० ते ३० च्या मधे हान-नामागाशी, आणि १० किंवा त्याखाली हिगाशी म्हणजे सुकी मिठाई. हे पुस्तकी वाटतं पण रोजच्या कामाचं आहे, कारण मिठाई किती टिकणार ते यावरूनच कळतं. दांगो (तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे), दाइफुकु (आंको भरलेला चिकट तांदळाचा गोळा), नेरीकिरी ही सगळी नामागाशी, आज केली की आज नाहीतर उद्या संपवायची. सुक्यातले राकुगान वगैरे साखर आणि धान्याचं पीठ, किंवा नुसतीच तोकुशिमा-कागावाकडची वासांबोन नावाची अगदी बारीक साखर, लाकडी साच्यात दाबून करतात, दिसतात गोड, पण साचे महाग आणि ती साखरही महाग, म्हणून नवशिक्याने तिकडे नंतर वळावं.

शाकाहारी लोकांसाठी खुशखबर अशी की बहुतेक वागाशीत दूध, अंडं, जिलेटिन यातलं काहीच नसतं. दोरायाकी (मधे आंको भरलेले पॅनकेक) आणि कासुतेरा (स्पंज केक) हे ठळक अपवाद, त्यात अंडं असतं. दुकानातून पॅक केलेली घेतली तर मात्र मागचं लेबल वाचायचंच, तिथे काय घातलं असेल सांगता येत नाही.

सामान, आणि पिठांचा घोळ

सगळ्यात जास्त गोंधळ पिठांत होतो, तेव्हा इथे जरा थांबूया. जपानी मिठाईत तांदूळ दोन जातीचा वापरतात, आपला रोजच्या भातासारखा साधा आणि दुसरा मोची तांदूळ, जो शिजला की च्युइंगमसारखा ताणला जातो. साध्या तांदळाचं पीठ म्हणजे जोशिन्को. आपली मोदकाची पिठी याच्या जवळ जाते, त्यामुळे भारतात बसून जोशिन्कोच्या जागी ती वापरली तर चालून जातं. पण मोदकाच्या पिठीचा दाइफुकु होत नाही म्हणजे नाही, कितीही मळा, त्याला तो ताण येतच नाही. त्यासाठी मोची तांदळाचंच पीठ लागतं. त्यात परत दोन प्रकार नेहमी दिसतात. शिरातामाको म्हणजे तांदूळ पाण्यासकट वाटून, खाली बसलेला साका सुकवून केलेलं, ते पाकिटात पांढऱ्या ओबडधोबड खड्यांसारखं दिसतं आणि त्याचा पोत सगळ्यात मुलायम येतो. मोचिको म्हणजे कोरडं दळलेलं, नेहमीच्या पिठासारखं दिसणारं, स्वस्त, आणि थोडं जास्त चिवट. भारतात एशियन स्टोअरमध्ये किंवा ऑनलाइन ग्लुटिनस राइस फ्लोअर म्हणून जे मिळतं ते मोचिकोच्या जागी चालतं (नावात ग्लुटिनस असलं तरी त्यात ग्लुटेन नसतं). आसामचा बोरा तांदूळही याच चिकट जातीतला, तो मिळाला तर घरी दळूनही बघता येईल. तिसरं एक दोम्योजिको असतं, मोची तांदूळ वाफवून, सुकवून, भरड केलेला, क्योतो-ओसाकाकडची साकुरामोची (चेरीच्या पानात गुंडाळलेली आंकोची मिठाई) त्याची असते, पण ते आत्ता नको.

बाकी यादी छोटी आहे. अझुकी लागेल, लाल बारीक दाण्याचं कडधान्य, भारतात मिळाली नाही तर लाल चवळी घ्या, चव वेगळी येते पण हात बसवायला उत्तम. कांतेन, म्हणजे आपलं चायना ग्रास, शक्यतो पावडर स्वरूपात. काताकुरिको म्हणजे बटाट्याचा स्टार्च, हाताला चिकटू नये म्हणून भुरभुरवायला, नसेल तर कॉर्नफ्लोअर. साखर साधी पांढरी, फक्त दाणा जाड असेल तर मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या. तूप आणि वेलची दोन्ही डबे वरच्या फळीवर ठेवून द्या. मला माहितीय हात जाणार, पण अझुकीचा स्वतःचा एक मातकट-गोडसर वास असतो आणि वेलची पडली की तो गेलाच समजा.

अवजारांमधे वजनकाटा हवाच. वाटी-चमच्याने वागाशी होत नाही, निदान शिकताना तरी नाही, कारण पाच-दहा ग्रॅम पाण्याने पिठाचा गोळा हातातून ओघळतो. त्याशिवाय एक बारीक चाळणी, जाड बुडाचं पातेलं, लाकडी उलथनं, आणि दोन-तीन धुतलेली सुती फडकी. टोकियोत राहात असाल तर असाकुसाजवळच्या काप्पाबाशी रस्त्यावर जा, अख्खा रस्ता हॉटेल-किचनच्या सामानाचा आहे, वागाशीची लाकडी पट्टी आणि साचेही तिथे मिळतात. पिठांसाठी तोमिझावा शोतेनची दुकानं बरी, एका जागी सगळी पिठं शेजारी शेजारी लावलेली असतात म्हणून फरक डोळ्यांनी कळतो. खर्च कमी ठेवायचा असेल तर १०० येनच्या दुकानातूनही निम्मं सामान निघतं.

पायरी १: त्सुबुआन, म्हणजे दाणेदार आंको

२५० ग्रॅम अझुकी, २०० ते २५० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. साखर बघून डोळे मोठे करू नका आणि पहिल्याच वेळी ती निम्मी करू नका, कारण साखर इथे नुसती गोडीसाठी नसते, ती पाणी धरून ठेवते, आंकोला चकाकी देते आणि टिकवते पण.

अझुकी धुवायची, भिजत घालायची गरज नाही. तिप्पट पाणी घालून गॅसवर ठेवा, उकळी आली की चार-पाच मिनिटं उकळू द्या आणि मग ते सगळं पाणी ओतून टाका. याला शिबुकिरी म्हणतात, साली आणि दाण्यातला तुरटपणा काढायचा हा प्रकार. ते पाणी एकदा पांढऱ्या वाटीत घेऊन बघा, गडद विटकरी असतं, आणि जिभेला लावलं तर कोऱ्या कडक चहासारखं तुरट लागतं. तेच आत राहिलं तर आंकोच्या शेवटी तोंडात एक चरचरीत चव राहते. नाजूक चव हवी तर दोनदा करा, पण तीनदा नको, मग अझुकीचा वासच उडतो.

आता ताजं पाणी घालून मंद आचेवर पाऊण ते एक तास. दाणे कायम पाण्याखाली पाहिजेत, वर डोकं काढलं की घाला अजून पाणी. खदखदा उकळू द्यायचं नाही, साली फुटतात. शिजलं का ते बघायला एक दाणा अंगठा आणि करंगळीमधे धरून दाबा. करंगळीच का, तर तिच्यात जोर नसतो, तिने दाबूनही दाणा मधल्या टणकपणाशिवाय सपाट झाला तर शिजला. एखादाच नाही, चार-पाच दाणे बघा, जुनी अझुकी कधीच एकसारखी शिजत नाही. मग गॅस बंद करून झाकण ठेवून अर्धा तास तसंच मुरू द्या. ही पायरी बरेच जण गाळतात, गाळू नका.

कुकर चालतो का? चालतो, शिबुकिरी झाल्यावर. फक्त त्सुबुआनसाठी दाणे अख्खे राहायला हवेत आणि कुकरमधे ते हातात राहत नाही, म्हणून कुकर मी पुढच्या कोशीआनसाठी, म्हणजे गुळगुळीत आंकोसाठी, राखून ठेवते.

मुरल्यावर जास्तीचं पाणी काढा, साखर दोन-तीन भागांत घाला. आणि हे लक्षात ठेवा की साखर दाणा पूर्ण शिजल्यावरच, कारण एकदा साखर पडली की दाणा पुढे मऊ होत नाही, असेल तसा आवळून बसतो. साखर पडल्यावर मिश्रण एकदम पातळ होतं, घाबरायचं नाही. मध्यम आचेवर उलथनं तळाशी लावून हलक्या हाताने ढवळत राहा. पुरण आटवताना उलथनं उभं राहतंय का बघतो तसंच इथे तळाला एक रेघ ओढून बघायची, तळ क्षणभर दिसला आणि मग रेघ हळूच बुजली की बंद करा. फरक एवढाच की पुरणासारखं कोरडं होईपर्यंत थांबायचं नाही, हवं त्यापेक्षा थोडं सैलच उतरवायचं, कारण आंको गार होताना बराच घट्ट होतो. मीठ शेवटी. मग पातेल्यात न ठेवता ताटात चमच्या-चमच्याचे ढीग घालून गार करा, म्हणजे उगीच शिजत राहत नाही, आणि वर ओलं फडकं टाका नाहीतर पापुद्रा येतो.

फ्रिजमधे तीन-चार दिवस, फ्रीझरमधे चपटी पाकिटं करून महिनाभर आरामात राहतो. म्हणून करायचा तर जास्त करून ठेवा.

कोशीआन

हा गुळगुळीत आंको. वरच्यासारखंच शिजवायचं, पण जास्त मऊ, मग चाळणीतून पाणी ओतत ओतत घासायचं म्हणजे साली वर राहतात आणि गाळ खाली जातो. तो गाळ पाण्यात स्थिर होऊ द्या, वरचं पाणी हळूच ओतून द्या, परत ताजं पाणी, असं दोन-तीनदा, वरचं पाणी बऱ्यापैकी निवळ दिसेपर्यंत. मग सुती फडक्यात घालून घट्ट पिळा. आत जो कोरडा, भुसभुशीत, जांभळट भुगा उरतो तो कच्चा आंको. त्याचं वजन करा आणि त्याच्या ६० ते ७० टक्के साखर आणि थोडं पाणी घालून परत आटवा. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. पण मिझु योकान (कांतेनने जमवलेली आंकोची मऊ जेली) आणि नेरीकिरीच्या आतलं सारण यालाच मागतात.

पायरी २: शिरातामा दांगो

हे सगळ्यात सोपं, लहान मुलांनाही घेऊन बसा. १०० ग्रॅम शिरातामाको, ८० ते ९० ग्रॅम पाणी. पाणी एकदम ओतू नका, खडे आधी पाणी पितात आणि मग अचानक गोळा सैल पडतो, म्हणून शेवटचे दहा ग्रॅम थेंब-थेंब. किती मऊ, याचं जपानी माप ठरलेलं आहे, कानाच्या पाळीइतकं. खरंच एका हाताने स्वतःची पाळी दाबून बघत मळतात इथे जपानमधे. छोटे गोळे, मधे बोटाने खळगा (म्हणजे मधला भाग कच्चा राहत नाही), उकळत्या पाण्यात सोडा, वर तरंगले की अजून एक-दोन मिनिटं ठेवा आणि थेट गार पाण्यात. त्सुबुआनबरोबर खा. पाण्याऐवजी तेवढ्याच वजनाचा मऊ सिल्कन टोफू घालून मळलं तर दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, ही इथल्या घराघरातली युक्ती आहे.

दांगोवर घालायचा गोड-खारट मिताराशी सॉस हवा असेल तर २ टेबलस्पून सोया सॉस, ४ टेबलस्पून साखर, १०० मिली पाणी आणि १ टेबलस्पून काताकुरिको, सगळं गार असतानाच मिसळा आणि मग गॅसवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा. हा मिताराशी दांगो मूळचा क्योतोच्या शिमोगामो देवळाजवळचा, तिकडे काडीवर पाच गोळे लावतात आणि टोकाचा एक बाकी चारांपासून जरा लांब.

पायरी ३: दाइफुकु

१०० ग्रॅम शिरातामाको, ५० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम पाणी. काचेच्या भांड्यात गुठळी न ठेवता मिसळा, ६०० वॅटवर २ मिनिटं मायक्रोवेव्ह, बाहेर काढून ओल्या उलथन्याने जोरात घोटा, परत १ मिनिट, परत घोटा, लागलं तर अजून अर्धं मिनिट. पांढरा खडूसारखा रंग जाऊन ते अर्धपारदर्शक, चमकदार आणि हट्टी झालं की तयार. कुठे पांढरा ठिपका दिसला तर तिथे पीठ कच्चं आहे. मायक्रोवेव्ह नसेल तर वाफवा, वीसेक मिनिटं, मधे एकदा ढवळून.

ताटात काताकुरिको भरपूर पसरून त्यावर ओता, गरम असतानाच आठ भाग करा. आंकोचे २५ ग्रॅमचे गोळे आधीच करून ठेवलेले हवेत, आयत्या वेळी गोळे वळायला बसलात तर पीठ गार होऊन बंद होत नाही. आतल्या बाजूचं पीठ ब्रशने झटका, नाहीतर कडा चिकटत नाहीत. स्ट्रॉबेरी घालायची असेल तर तिला कोरडी पुसून, आंकोत गुंडाळून, मग वरचं आवरण. स्ट्रॉबेरीचा दाइफुकु फार पुराणा नाही बरं का, १९८० च्या दशकातला आहे.

दाइफुकु फ्रिजमधे ठेवू नका. त्या तापमानाला तांदळाचा स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो. त्याच दिवशी खा, नाहीतर एकेक गुंडाळून सरळ फ्रीझरमधे. आणि एक गंभीर गोष्ट, मोची, म्हणजे असा चिकट तांदळाचा गोळा, घशात अडकते. नववर्षाच्या सुमारास टोकियोचं अग्निशमन दल दरवर्षी याबद्दल सूचना काढतं, मुख्यतः वृद्धांसाठी. घरी आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर बारीक तुकडे करून, सोबत चहा-पाणी देऊन, समोर बसून खायला द्या.

पायरी ४: मिझु योकान

४ ग्रॅम कांतेन पावडर, ५०० मिली पाणी, ५०० ग्रॅम कोशीआन, चवीप्रमाणे ५० ग्रॅमपर्यंत साखर. कांतेन गार पाण्यात घालून उकळी आणा आणि उकळी आल्यावर पूर्ण दोन मिनिटं ढवळत ठेवा, मगच साखर. उलटं केलं तर कांतेन नीट विरघळत नाही. मग आंको, चिमूट मीठ. आता लगेच साच्यात ओतायचं नाही. पातेलं गार पाण्यात ठेवून ढवळत ढवळत कोमट करा, ४५ ते ५० अंशांच्या आसपास, कारण पातळ गरम मिश्रणात आंको खाली बसतो आणि वर नुसतं पारदर्शक जेलीचं पाणी राहतं. फार गारही करू नका, ४० च्या जवळ ते पातेल्यातच सेट व्हायला लागतं. जपानभर ही उन्हाळ्याची मिठाई, फुकुई प्रांतातली माणसं मात्र हिवाळ्यात खातात.

पायरी ५: आता नेरीकिरी

यासाठी आधी शिरोआन, पांढऱ्या बीन्सचा आंको. भारतात पांढरा राजमा घ्या, रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, खळखळून उकळून तेही पाणी फेका, आणि मग पूर्ण मऊ शिजवा. अर्धाकच्चा राजमा पोटाला वाईट असतो, तिथे घाई नको. पुढे सगळं कोशीआनसारखं.

३०० ग्रॅम शिरोआन मायक्रोवेव्हमधे किंवा नॉनस्टिक पॅनमधे कोरडा करा. हाताच्या मागच्या बाजूने टेकवून बघा, काही चिकटलं नाही म्हणजे बास. दिसायला उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यासारखं. दुसरीकडे १० ग्रॅम शिरातामाको, २० ग्रॅम साखर, २० ग्रॅम पाणी यांची ग्युही करा, म्हणजे दाइफुकुच्या आवरणासारखाच पण जास्त गोड चिकट गोळा. गरम असतानाच दोन्ही एकत्र मळा. मग त्याचे छोटे तुकडे तोडून ओल्या फडक्यावर पसरा, गार झाले की परत एकत्र मळा, परत तोडा. तीन-चार वेळा हे झालं की रंग पिवळसरपासून दुधाळ पांढरा होतो आणि बोटाने ताणलं तर लगेच तुटत नाही. क्योतोकडे ग्युहीऐवजी आंकोत मैदा घालून, वाफवून मळतात, त्याला कोनाशी म्हणतात, ती जरा घट्ट असते. या दोन्हींना जपान सरकारने २०२२ मधे नोंदणीकृत अमूर्त सांस्कृतिक वारशात घेतलंय.

रंग टूथपिकच्या टोकाने. आपल्या सणासुदीच्या बर्फीवरचा रंग डोळ्यासमोर आणू नका, इथे रंग असा हवा की आहे की नाही असं वाटावं.

भरणं म्हणजे खरी कसरत. बाहेरचा गोळा २५ ग्रॅम, आतला १५. बाहेरच्याची डाव्या तळव्यावर चकती करा, कडा मधल्यापेक्षा पातळ. आतला गोळा मधे ठेवून उजव्या हाताच्या बोटांनी तो हलकेच आत दाबत दाबत डाव्या हाताने गोळा फिरवत राहायचं, आवरण आपोआप वर सरकतं. दोन-तृतीयांश वर आलं की अंगठा आणि तर्जनीने तोंड बंद. ओढून बंद करू नका, ओढलं की एका बाजूला आतलं लाल दिसायला लागतं.

पहिला आकार चाकिन-शिबोरी करा. गोळा ओल्या फडक्यात ठेवून वरून पीळ द्यायचा, बस. पिळाच्या नैसर्गिक चुण्या इतक्या सुंदर येतात की कोणी विचारलंच तर हे मुद्दाम केलंय म्हणून सांगता येतं. त्रिकोणी पट्टी त्यानंतर. तिच्या तीन कडा वेगवेगळ्या असतात, एक बारीक रेघेची, एक जाड, एक जोडरेघेची. आधी नुसत्या शिरोआनच्या गोळ्यावर खालून वर, सारख्या दाबाने रेघा मारायची प्रॅक्टिस करा. गोळा मोडून परत वळता येतो, फुकट काही जात नाही.

काय आकार करायचा हे ऋतू ठरवतो, आणि ऋतूच्या जरा आधीच करायचं असतं. फेब्रुवारीत उमे म्हणजे जपानी प्लमचं फूल, मार्चमधे साकुरा म्हणजे चेरीचं फूल, जूनमधे आजिसाई म्हणजे हायड्रेंजिया (शिरोआनच्या गोळ्यावर कांतेनचे जांभळे-निळे चौकोनी तुकडे चिकटवायचे, पट्टी न वापरता होणारं म्हणून नवशिक्यांना बेस्ट), शरदात मोमिजी म्हणजे मेपलचं पान. जूनमधे तर १६ तारखेला वागाशी दिवसही असतो, १९७९ पासून पाळतात, आणि ३० जूनला क्योतोत मिनाझुकी नावाची त्रिकोणी, वर अझुकी लावलेली मिठाई खातात.

क्लास लावायचा का

क्योतोत कानशुंदोसारख्या जुन्या दुकानांचे पर्यटकांसाठी क्लास असतात, टोकियोतही बरेच आहेत, तास-दीड तासात होतं आणि मजा येते. पण बहुतेक ठिकाणी आंको आणि रंगीत नेरीकिरी तयारच समोर ठेवतात, तुम्ही फक्त वळायचं. हात कसा फिरतो ते जवळून बघायला ते चांगलं आहे, ते व्हिडिओत कळत नाही, पण आंको तिथे शिकायला मिळेल असं धरून जाऊ नका. बुकिंग करताना सरळ विचारा की बीन्स शिजवण्यापासून दाखवणार का. काही छोट्या घरगुती क्लासमधे दाखवतात, पण ते अर्ध्या दिवसाचे असतात आणि बहुधा जपानीतच. सिरियसली धंदा म्हणून करायचं असेल तर टोकियो सेइका गाक्कोसारख्या संस्थांमधे दोन वर्षांचा वागाशीचा कोर्स आहे, त्यालाही भाषा लागतेच.

क्लासला जाताना अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा, नखं कापलेली असू द्या, हाताला क्रीम लावू नका. आणि परत आणायला सपाट तळाचा छोटा डबा न्या, बॅगेत उभा राहिला की फुलाचा लाडू होतो.